टर्किश टॉवेल, ताटावरचे रुमाल आणि इरकलचा पदर: क्रोशाचा काठ कसा धरायचा?

निशिगंध_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. मावसबहिणीचं लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच आहे आणि रुखवतातलं विणकाम माझ्याकडे आलंय. मला क्रोशाचे साखळी, मुका खांब (बुटका टाका), खांब (उंच टाका), पिको (कडेचा छोटा टोकदार फासा) एवढे टाके नीट येतात. तोरणं आणि गोल रुमाल बरेच केलेत. पण तयार कापडाच्या कडेवर थेट विणणं कधी केलेलं नाही, आणि या वेळी सगळं तेच करायचंय.

सामान असं आहे: इथल्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यातून आणलेले चार टर्किश टॉवेल, 30 बाय 60 इंचाचे, दोन मरून आणि दोन बाटली हिरवे. मांजरपाटाचे 18 इंची चौकोनी ताटावरचे रुमाल. चौरंगावर घालायला खणाचं एक कापड. आणि आईची जुनी इरकल, तिच्या पदराला काहीतरी छान करून ती नवरीला द्यायची आहे.

टॉवेलची दुमडलेली कड इतकी जाड आहे की क्रोशाची सुई आत शिरत नाही. तिथे काय करतात? दोरा कुठल्या नंबरचा घ्यावा? रुमालाचे कोपरे सपाट कसे बसतात? आईचं म्हणणं आहे की एवढा खटाटोप कशाला, नवी पेठेतून तयार क्रोशे लेस आणून मशीनवर मारून टाक. मला मात्र हातानंच करायचंय. वेळ भरपूर आहे. जाणकारांनी सांगावं.

भवानीपेठ_काकू

निशिगंध, हातानंच कर गं. सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तो माल आपल्या गावात विणला जातो, त्याला आपल्याच हातचा काठ लागला तर रुखवतात त्याच्याइतकं शोभून दिसणारं दुसरं काही नाही. मी लहानपणापासून आत्याच्या हाताखाली हे करत आले. झबली, टोपडी, कुंच्या, परकराच्या झालरी, पोलक्याच्या बाह्या, सगळ्यांना काठ केलेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं सांगणं एकच आहे. काठाचा नमुना कितीही सुंदर असो, त्याचं भलंबुरं पहिल्या ओळीत ठरतं. कापडात जी पहिली ओळ घालतेस तीच. वरचे शिंपले (एकाच टाक्यात घातलेले खांबांचे पंखे) नि पिको कुणीही घालतं. पहिली ओळ नीट मोजून घातली की काठ स्वतःहून सपाट बसतो. ती घाईनं घातली की वर काय वाट्टेल ते कर, काठ एक तर झालरीसारखा फुगतो किंवा कापड आवळून धरतो.

त्याच्याही आधी धुणं. टॉवेल दोनदा गरम पाण्यातून काढ, उन्हात कडक वाळव, मगच हात लाव. टर्किश कापड लांबीला जास्त आटतं, रुंदीला कमी. न धुता काठ घातलास तर पहिल्या धुण्यात कापड आत जाईल, दोरा तेवढा आत जाणार नाही, आणि कड लाटा मारेल. मांजरपाटही धुऊनच घे, त्यातली खळ निघून गेली की सुई सुखानं शिरते. नळाला पाणी आलेल्या दिवशी धू. आपल्याकडे रोज पाणी येत नाही म्हणून लोक बोअरच्या पाण्यात उरकतात, पण त्या जड पाण्यानं पांढरा दोरा पिवळट पडतो.

मरून टॉवेलची परीक्षा आधी घे. कोपरा ओला कर, त्यावर जुनं पांढरं कापड ठेव आणि गरम इस्त्री दाबून धर. पांढऱ्यावर गुलाबी डाग आला तर त्या टॉवेलला पांढरा दोरा लावू नको. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग बसतो असं सांगतात, त्याच्या भरवशावर राहू नको. त्यापेक्षा मरूनला गडद दोरा घे. मरूनवर मोरपंखी काय दिसतो म्हणून सांगू!

आता जाड कड. तिथे क्रोशाची सुई घुसवायचीच नाही. मोठ्या नेढ्याची, टोकदार, जाड सुई घे आणि त्याच दोऱ्यानं कडेवर काजटाका घालत जा. कडेपासून आत साधारण 6 मिलिमीटर, आणि दोन टाक्यांत 5 मिलिमीटर अंतर. कारखान्याच्या शिलाईची ओळ दिसते ना, तिच्या अलीकडे राहायचं, तिच्यावर टोचायचं नाही, नाहीतर शिलाई उसवते. सेकंडचा माल असेल तर ती शिलाई आधी मशीनवर पुन्हा मारून घे. काजटाक्यानं कडेवर दोऱ्याचा एक सरळ गोफ तयार होतो, क्रोशाची सुई त्या गोफाखालून घालायची. कापडाला तिचा स्पर्शही होत नाही, हाताला त्रास नाही.

टॉवेलला दोरा 10 नंबरचा आणि क्रोशाची सुई 1.50 मिलिमीटरची. 20 नंबर त्याहून बारीक, टॉवेलच्या वजनापुढे किरकोळ दिसतो. हिशेब असा: रुंदी 30 इंच म्हणजे 75 सेंटिमीटर धर, धुतल्यावर थोडी कमीच भरेल. दोन काजटाक्यांमधलं 5 मिलिमीटरचं एक अशी 150 घरं. प्रत्येक घरात 2 मुके खांब, म्हणजे 300, आणि शेवटच्या टोकाला 1 जास्तीचा, झाले 301. आता शिंपल्याची ओळ: 1 मुका खांब, 2 सोड, तिसऱ्यात 5 खांब, 2 सोड, पुन्हा मुका खांब. हा नमुना 6 च्या पाढ्यात अधिक 1 असा बसतो. 301 मध्ये बरोबर 50 शिंपले. तुझा टॉवेल आटून घरं 146 च निघाली तर 293 होतात, ते बसत नाहीत. मग नमुना ओढूनताणून बसवायचा नाही, पहिल्या ओळीतच एकमेकांपासून लांब लांब अशा दोन घरांत 2 ऐवजी 3 मुके खांब घालायचे, 295 होतात, 49 शिंपले येतात. डोळ्यांना काही कळत नाही. मोजणी कापडावर करायची आणि नमुना त्याला जुळवून घ्यायचा, एवढं धरून चाल.

टॉवेलच्या दोन आखूड बाजूंनाच काठ घाल. लांब बाजूंना किनार विणतानाच बांधलेली असते, तिथे काठ घातला तर टॉवेल पिळताना तो ओढला जातो. आणि टॉवेलवर पिको नको, लांब साखळ्यांचे फासेही नकोत. बांगडीत, कानातल्यात, चिमट्यात अडकतात. शिंपला बुटका आणि भरीव, तो वर्षानुवर्षं टिकतो.

रुमालांचं रात्री लिहिते, आता स्वयंपाकाला उठते.

नवीपेठ_शिवणकाम

मी लेडीज टेलर आहे, दुकानात लेस रोज हातातून जाते, म्हणून तुमच्या आईंच्या मुद्द्यावर लिहितो. दुकानात मीटरवर जी ‘क्रोशे लेस’ मिळते ती मशीनवर विणलेली असते आणि दिसायला क्रोशासारखी असते. खरा क्रोशे मशीनवर होत नाही. प्रत्येक टाका आधीचा फास पूर्ण करूनच पुढे जातो, ही गोष्ट हाताशिवाय जमत नाही. ओळखायचं असेल तर लेस उलटी करून बघा. मशीनच्या लेसमध्ये लांबीला उभे दोरे सरळ धावताना दिसतात आणि खांबाच्या डोक्यावरची साखळी सापडत नाही.

तयार लेस वाईट असं मी म्हणणार नाही. परकराला, उशीच्या अभ्र्याला ती चालते. फक्त सुती आहे की पॉलिस्टर हे विचारून घ्या, सुती असेल तर मीटरभर जास्त घेऊन गरम पाण्यात भिजवून मग लावा. टॉवेलला पॉलिस्टरची लेस लावली की टॉवेल पाणी पितो आणि लेस कोरडी कडक राहते, अंगाला टोचते. रुखवतात ठेवायची वस्तू असेल तर काकू म्हणतात तसं हातानंच करा. बघणाऱ्या बायका पहिल्यांदा उलटी बाजू बघतात, हे मी कित्येक लग्नांत पाहिलंय.

रुमालाचं मांजरपाट घट्ट विणीचं असेल आणि सुई शिरत नसेल तर एक उपाय. कड दुमडून इस्त्री करा. मशीनमध्ये 18 नंबरची सुई लावा, दोरा ओवू नका, टाका सगळ्यात लांब ठेवा आणि कडेवरून मशीन चालवा. सारख्या अंतरावर भोकांची ओळ पडते, त्यात क्रोशाची बारीक सुई आरामात जाते. विणून होईपर्यंत मात्र कापड धुऊ नका, भोकं मिटतात.

भवानीपेठ_काकू

टेलरदादांनी भोकांचं छान सांगितलं. मी हे दाभणानं करते, पण मशीनवर अंतर जास्त सारखं येतं हे खरं.

रुमालाला 20 नंबरचा दोरा आणि 1.25 ची सुई. 40 नंबर जास्त नाजूक दिसतो, पण त्याला 1.00 ची सुई लागते आणि डोळ्यांवर ताण येतो. पहिल्यांदा करताना 20 च घे. एकाच वेळी, एकाच लॉटचे गुंडे घ्यायचे. गुंड्याच्या पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो. पांढऱ्या-पांढऱ्यातही फरक असतो, तो काठ पूर्ण झाल्यावर उन्हात दिसतो. दोरा किती लागेल हे काढायला सोपं आहे: नमुना 10 सेंटिमीटर विण, उसव, दोरा मोज आणि चारी बाजूंना गुण. वर थोडा हात सैल ठेव.

कोपरा. कोपऱ्याच्या टोकाच्या एकाच भोकात 3 मुके खांब घालायचे, मधल्या खांबाला रंगीत दोऱ्याची खूण बांधायची. चारी बाजू वेगवेगळ्या मोजायच्या, एकूण आकडा बघायचा नाही. एकूण बरोबर आणि एक बाजू कमी, एक जास्त असेल तर रुमाल चौकोनी राहत नाही. वर शिंपले येणार असतील तर खुणेच्या खांबात 7 खांबांचा मोठा शिंपला येतो, आणि दोन खुणांच्या मध्ये 6 च्या पाढ्यातला आकडा वजा 1 इतके मुके खांब लागतात. तुझ्या 18 इंची रुमालाची कड दुमडल्यावर साधारण 43 सेंटिमीटर उरेल, 20 नंबरच्या दोऱ्यात 2 मिलिमीटरला एक खांब धरला तर 215 बसतात. 216 हा 6 च्या पाढ्यातला, वजा 1 झाले 215. तुझा हात घट्ट किंवा सैल असेल तर 209 येतील, 221 येतील, काही बिघडत नाही, चारी बाजूंना तोच आकडा आला पाहिजे.

पहिली बाजू झाली की थांबायचं आणि रुमाल टेबलावर पसरून हात न लावता बघायचं. कापडावर चुण्या दिसल्या तर खांब कमी आहेत. कडेनं लाट उठली तर जास्त आहेत. तिथेच उसवायचं. उसवायला जीव तुटतो हे मला माहीत आहे, पण एक बाजू उसवणं पाच मिनिटांचं काम आहे, चार बाजू नि तीन ओळी उसवणं नाही.

रुमालावर पिको जरूर घाल. शिंपल्याच्या मधल्या खांबावर 3 साखळ्या आणि पहिल्या साखळीत मुका खांब. आत्या म्हणायची, ताटावरचा रुमाल वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला वजन पाहिजे. म्हणून ती पिकोत एकेक मणी ओवायची. दुधाच्या पातेल्यावरच्या रुमालाला तर हमखास मणी असायचे.

दोऱ्याची टोकं गाठ मारून कापायची नाहीत. दोन-अडीच इंच शेपूट ठेवून सुईनं आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला दडवायचं. धुण्यात गाठ सुटते, दडवलेलं टोक सुटत नाही. शेवटी रुमाल ओला करून पाटावर गुंडाळलेल्या जुन्या चादरीवर पसर, पिकोचं प्रत्येक टोक न गंजणाऱ्या टाचणीनं ताणून लाव. आपल्याकडच्या उन्हात तासाभरात वाळतो, पण रंगीत दोरा असेल तर सावलीत. मांडणीपुरता ताठपणा हवा असेल तर साबुदाण्याची पातळ खळ दे. साखरेचा पाक देऊ नको, मुंग्या येतात. टॉवेलला खळ अजिबात नाही.

होटगीरोड_कुच्चू

इरकलचं मी सांगते. आमच्या घरात कानडी बोलतात, माहेर विजापूरकडचं. पदराच्या या कामाला आमच्याकडे कुच्चू म्हणतात आणि हल्ली सोलापुरातही सगळ्या तसंच म्हणतात. मी गिऱ्हाइकांच्या साड्यांना रोज क्रोशाचे कुच्चू करते.

आधी पदर उजेडासमोर धरून बघा की ओ. जुन्या इरकलचा पदर रेशमी असतो आणि अंगाला तोप-तेणीच्या, म्हणजे दोन्हीकडचे ताणे एकमेकांत अडकवायच्या पद्धतीच्या, फाशांनी जोडलेला असतो. घडीवर रेशीम विरलं असेल तर थेट सुई घालायचीच नाही, कुच्च्याच्या वजनानं पदर फाटतो. मागून त्याच रंगाच्या पातळ रेशमी कापडाची दीड-दोन इंची पट्टी लावायची, हातशिलाईनं, बारीक टाक्यांत. मग क्रोशाची सुई पदर आणि पट्टी दोन्हींतून जाईल आणि ओढ पट्टीवर येईल. आईची साडी आहे म्हणता, तर हे करूनच घ्या. कोणी कितीही सांगू दे की लागत नाही, जुन्या साडीला लागतंच.

जुने गोंडे असतील तर ते कापायचे की ठेवायचे हे आईला विचारून ठरवा. चांगले असतील तर मी ठेवते आणि त्यांच्या वर क्रोशाची एकच बारीक ओळ देते.

दोरा सुती नाही, रेशमी दिसणाऱ्या चकाकत्या दोऱ्याची रिळं मिळतात, त्यातले 10-12 पदर एकत्र घ्यायचे. रिळं एका डब्यात ठेवून टोकं एकत्र ओढायची, गुंता होत नाही. पदराच्या उलट्या बाजूनं खडूनं 1 सेंटिमीटरवर खुणा करायच्या. सुलट बाजूवर खडू नको, रेशमावरून तो नीट जात नाही. सुई 1 मिलिमीटरची, दुमडीच्या आतल्या बाजूनं घालायची. पहिली ओळ मुके खांब आणि मध्ये 3-3 साखळ्या, दुसऱ्या ओळीत कमानी, कमानीच्या टोकाला मणी, आणि मग गोंडा. गोंडे सगळे सारखे यायला 2 इंची पुठ्ठ्यावर दोरा गुंडाळून कापायचा. काम करताना पदर मांडीवर लोंबू देऊ नका, टेबलावर पसरून वर वही-पुस्तकाचं वजन ठेवा.

इरकलला रंग तिच्या काठातलाच घ्या. लाल पदराला लाल-पांढरा. सोनेरी मणी बारीक असावेत. टपोरे मणी इरकलवर बाहेरून चिकटवल्यासारखे दिसतात, हे माझं मत. नंतर साडी ठेवताना पदराचा भाग मलमलीत गुंडाळून ठेवायला सांगा, नाहीतर कुच्चू शेजारच्या साडीच्या जरीत अडकतात.

निशिगंध_जुळेसोलापूर

काकू, होटगीरोड ताई, दादा, मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. मरून टॉवेलचा रंग गेला, पांढऱ्या कापडावर चांगलाच उतरला, त्यामुळे मोरपंखी दोरा आणला. हिरव्याचा रंग गेला नाही, त्याला पिस्ता घेतलाय. पदर उजेडात धरला तर घडीवर दोन जागी विरलाय, पट्टी लावते. आईनं गोंडे ठेवायला सांगितलेत.

एकच राहिलं. खण. त्याच्या कडेतून सुई घातली की धागे निसटतात, कड विसविशीत होते. आणि काठ थेट घालायचा की वेगळा विणून लावायचा?

भवानीपेठ_काकू

खणाला वेगळाच विणायचा. त्याची वीण अशी की कापलेल्या कडेनं धागे सुटत राहतात, तिथे टोचून चालत नाही. सुती अस्तर घे, तेही आधी धुतलेलं. काठ लांबीत विण, म्हणजे आधी साखळी मग ओळी असं नाही, रुंदीच्या बाजूनं 8-10 टाके घेऊन पुढे मागे पट्टी वाढवत जा. असा काठ चौरंगाची कड भरेपर्यंत वाढवता येतो, आधीपासून साखळी मोजून ठेवावी लागत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेसला 2024 मध्ये मानांकन मिळालं ना, आमच्या शेजारच्या तेलुगू वहिनींकडे तिथल्या लेसच्या पट्ट्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच अशाच आडव्या विणीच्या. बघायला मिळाल्या तर जरूर बघ, हात किती एकसारखा असू शकतो ते कळतं.

मग खण आणि अस्तर सुलट बाजू आत करून ठेव, मध्ये काठ असा ठेव की त्याची सरळ बाजू शिलाईत येईल आणि शिंपले आत राहतील. तीन बाजू मशीन मार, उलटून घे, चौथी बाजू हातानं मिटव. कोपऱ्यावर काठ थोडा चुणून सैल सोड, नाहीतर उलटल्यावर कोपरा वळतो. खणाची सुटणारी कड आत बंद होते आणि पुढे खण विरला तर शिलाई उसवून काठ तसाच्या तसा निघतो. झबल्यांना मी म्हणूनच नेहमी वेगळा विणून लावते, मूल वाढलं की झबलं जातं, काठ पुढच्या झबल्याला. माझ्या मुलाच्या कुंचीचा काठ आता नातीच्या कुंचीला आहे.

खणाला पांढरा दोरा नको, फार उठून दिसतो आणि खणाची बुट्टी मागे पडते. बुट्टीच्या रंगाचा घे. दुकानात जाताना कापडाचा तुकडा बरोबर ने आणि दुकानाबाहेर येऊन उन्हात रंग जुळव, ट्यूबलाइटखाली जुळवू नको.

होटगीरोड_कुच्चू

निशिगंध, विरलेल्या जागी पट्टी लावायच्या आधी त्याच रंगाच्या एकेरी रेशमी दोऱ्यानं बारीक रफू करून घ्या. आणि गोंडे ठेवणार असाल तर कमानी दोन गोंड्यांच्या मध्ये येतील अशा खुणा करा. म्हणजे 1 सेंटिमीटरचा हिशेब सोडायचा आणि गोंड्यांप्रमाणे चालायचं.